बर्फावरची पाहुणी

ओट्याखालच्या ड्रॉवरच्या मुठीत एप्रनचा बंद अडकला आणि कमरेला हिसका बसला. सुनीती होती तिथे थांबली. पाय थोडे फाकवून, गुडघे सैल सोडून, हातात पोह्यांची कढई तशीच धरून. मागून कुणीतरी ओरडून काहीतरी सांगेल म्हणून ती वाट पाहत राहिली. मागे डिशवॉशर होता. मेलबर्नजवळच्या क्रेगीबर्नमधल्या घरात शनिवारची सकाळ होती, खिडकीबाहेर जानेवारीचं उन्हाळी ऊन आत्तापासूनच पांढरं पडायला लागलं होतं, आणि ती मात्र पृथ्वीच्या पार वरच्या टोकाला, अलास्कातल्या एका हिमनदीवर, कमरेला दोर बांधून उभी होती. "काय झालं?" टेबलाशी बसलेल्या शैलेंद्रने विचारलं. "काही नाही. अडकलं." "मग सोडव ना." "सोडवते," असं म्हणूनही ती क्षणभर तशीच उभी राहिली. दोराला हिसका बसला की पुढे ओढायचं नाही, मागे वळायचं नाही, आधी थांबायचं. हे तिला दीड वर्षापूर्वी निमिषने शिकवलं होतं. निमिष म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. परवा तो मेलबर्नला उतरला होता आणि विमानतळावरून बसमध्ये घालून त्याला सरळ सिटीतल्या एका हॉटेलात नेऊन ठेवलं होतं. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला तेव्हा कोविडमुळे तसंच ठेवत होते. दोन आठवडे एका खोलीत, दाराबाहेर पाऊलही टाकायचं नाही. भेटता येत नव्हतं, घरचं शिजवलेलं काही पाठवताही येत नव्हतं. समोरच्या फुटपाथवर उभं राहून खिडकीकडे बघून हात मात्र करता येत होता. आज तसं जायचं ठरलं होतं. म्हणजे सुनीतीने आणि निमिषने ठरवलं होतं. शैलेंद्रने काहीच ठरवलं नव्हतं. तो पोह्यांवर लिंबू पिळत होता, आणि बिया एकेक वेचून ताटाच्या कडेला लावत होता, जसा गेली तीस वर्षं लावत आला होता.

बापलेक पाच वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. निमिषने इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात युनिव्हर्सिटी सोडली तेव्हापासून. आधी टास्मानियात आणि मग अलास्कात तो गाइड झाला. उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना आठवडाभर रानात न्यायचं, एक दिवस कयाक नावाची चिंचोळी होडी, एक दिवस सायकल, एक दिवस रबरी बोटीतून नदी, दोन दिवस हिमनदीवर चालणं, तंबू ठोकायचे, जेवण करून घालायचं आणि सगळ्यांना धड परत आणायचं, असं ते काम. शैलेंद्र पुण्याहून आयटीतली नोकरी घेऊन या देशात आला तेव्हा निमिष सात वर्षांचा होता. निमिषने गाइड व्हायचं म्हटल्यावर शैलेंद्र म्हणाला होता, "लोकांची ओझी वाहण्यासाठी आलो होतो का आपण इथे? हमालीच करायची तर या घरात कशाला राहतोस?" तो चिडला की त्याचा आवाज चढत नसे, उतरत असे. त्या दिवशी तो इतका उतरला होता की ओट्याशी उभ्या असलेल्या सुनीतीला शेवटचे शब्द नीट ऐकूही आले नव्हते. निमिषला मात्र आले असावेत. तिने नंतर अनेकदा स्वतःला विचारलं होतं की आपण तेव्हा मध्ये काही बोललो का नाही. आठवायचं ते एवढंच, की गॅसवर दूध होतं आणि ती त्या दुधाकडे बघत होती.

आता निमिषचं म्हणणं एकच होतं. विमानात बसण्याआधी फोनवर त्याने ते पुन्हा सांगितलं. "आई, तू बोलावतेस ते ठीक आहे. पण घर बाबांचं पण आहे ना? He has to ask. तुझ्याकडून निरोप नको. त्यांनी नाही म्हटलं तर no hard feelings, मी क्वारंटाइन संपलं की सरळ टास्मानियात, हॉबार्टला जातो. तिथे कयाकचं काम आहे, त्यांना शनिवारी संध्याकाळपर्यंत सांगायचंय." आज शनिवार होता. हे सगळं तिने शैलेंद्रला जसंच्या तसं सांगितलं होतं, एक शब्द इकडचा तिकडे न करता, शाळेत निरोप सांगतात तसं. तो लॅपटॉपवरून मान न काढता "हं" म्हणाला होता. त्या "हं"चा अर्थ ती दोन दिवस लावत बसली होती.

"गाडी मी काढतो," शैलेंद्र ताट उचलत म्हणाला. सुनीतीने चमकून पाहिलं. "तुला सिटीत चालवता येत नाही," तो म्हणाला. "उजवीकडे वळायला डावीकडे जाऊन थांबायचं असतं तिथे ट्राममुळे. गेल्या वेळी रडकुंडीला आली होतीस. मी गाडीतच बसेन." "बस," ती म्हणाली. तिने आणखी काही म्हटलं नाही. वर्गात एखादं मूल स्वतःहून फळ्यापर्यंत आलं, की खडू त्याच्या हातात द्यायचा नसतो. तो फळ्याच्या कडेला ठेवून आपण दुसरीकडे बघायचं असतं. इतकी वर्षं मुलं शिकवून तिला आलेलं शहाणपण ते एवढंच.

ड्राइव्हवेच्या टोकाला लेटरबॉक्स वाकडा उभा होता. शैलेंद्रने घरातली प्रत्येक गोष्ट दुरुस्त केली होती. गळका नळ, करकरणारं दार, कुंपणाची सुटलेली फळी. हा मात्र पाच वर्षं तसाच होता. शैलेंद्रला एक खोड होती. त्यांच्या कोर्टात, म्हणजे पुढे बंद असलेल्या त्या लहानशा गल्लीत, कुणाचीही गाडी रिव्हर्समध्ये निघाली की तो चपला सरकवून बाहेर जायचा आणि रस्त्यात मागे उभा राहून दोन्ही हातांनी गाडीला बोलवायचा. कोपरं पोटाशी, तळवे स्वतःकडे, बोटं एकदम आत मिटत. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे… बस." पुण्यातल्या त्यांच्या सोसायटीत पार्किंग इतकं चिंचोळं होतं की तिथे प्रत्येक पुरुषाला हे करावंच लागे. इथे रस्ते मैदानासारखे, तरी त्याचे हात थांबले नाहीत. समोरच्या अवधूतने नवी गाडी घेतली तेव्हा तो काच खाली करून म्हणाला होता, "काका, कॅमेरा आहे हो मागे!" "कॅमेऱ्याला मागचं दिसतं," शैलेंद्र म्हणाला होता, "बाजूने सायकलवरून येणारं पोर दिसतं का?" पलीकडची ऑस्ट्रेलियन म्हातारी तर त्याला बरीच वर्षं 'आहो' म्हणून हाक मारायची. सुनीती त्याला तशी हाक मारते म्हणजे ते त्याचं नावच असणार असं तिला वाटलं होतं. "थँक यू, आहो!" म्हणत ती गाडी काढायची. तेव्हापासून सुनीती त्याला शैलेंद्र म्हणायला लागली, आणि मग हळूहळू 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं तेही कळलं नाही. निमिष गाडी शिकला तोही त्या हातांकडे बघत. ज्या दिवशी तो घरातून गेला, त्या दिवशी त्याची जुनी गाडी सामानाने काठोकाठ भरलेली होती, मागची काच दिसत नव्हती, आणि पहिल्यांदाच रस्त्यात मागे कुणी उभं नव्हतं. लेटरबॉक्सवर धडकल्याचा आवाज सुनीतीने आतून ऐकला. शैलेंद्रनेही ऐकला असणार. तो त्याच्या खोलीत होता, पडदा लावून.

आणि मग आला तो लॉकडाउन. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहायचं नाही. कोर्टातल्या गाड्या महिनोन्महिने जागच्या हलल्या नाहीत. शैलेंद्र दुपारी जेवल्यावर ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत जायचा, वाकड्या लेटरबॉक्सशेजारी उभा राहायचा. सुनीती खिडकीतून बघायची. त्याचे हात दोन्ही बाजूंना नुसते लोंबत असायचे. एकदा अवधूतने आपल्या घरातून ओरडून विचारलं, "काका, कुणाची वाट बघताय?" "डिलिव्हरीची," शैलेंद्र म्हणाला. कसलीच डिलिव्हरी यायची नव्हती.

गाडी हायवेला लागली. शैलेंद्र दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून चालवत होता. सुनीतीने डोळे मिटले आणि ती पुन्हा तिथे गेली, जिथे ती गेलं दीड वर्ष सारखी जात होती आणि ज्याबद्दल या माणसाशी ती जवळजवळ काहीच बोलली नव्हती. अलास्कात निमिष नेत असे त्या सहलीला ती एकटी गेली होती. शैलेंद्रला विचारलं, तो नाही म्हणाला, मग ती स्वतःच बुकिंग करून मोकळी झाली. साठी उलटलेली बाई, आयुष्यात कधी तंबूत झोपलेली नाही, पोहता येतं ते तलावाच्या कडेकडेने. बाकी कुठलाच मार्ग नव्हता. निमिष घरी येणार नव्हता, आणि नुसती आई म्हणून तिकडे गेली असती तर दोन दिवस कॉफी पाजून त्याने परत पाठवली असती. पाहुणी म्हणून गेली तर आठवडाभर तो तिच्यासमोर असणार होता. नाव कळल्यावर त्याचा फोन आला. बराच वेळ तो हसतच होता. मग गंभीर झाला. "आई, ऐक. तिथे मी सगळ्यांचा असतो. तू आई म्हणून आलीस ना, तर मी तुलाच बघत बसेन, आणि बाकीचे मरतील. So come as a guest. मी तुला नावाने हाक मारणार. कुणाला सांगायचं नाही. चालेल?" "चालेल," ती म्हणाली. आणि फोन ठेवल्यावर तिला आपला रविवारचा मराठीचा वर्ग आठवला. कम्युनिटी हॉलच्या मागच्या खोलीत तिने तो सुरू केला तेव्हा निमिष पहिल्या बाकावर बसायचा, आणि तिने त्याला बजावलं होतं, इथे मला आई म्हणायचं नाही, बाकीच्या मुलांसारखं बाई म्हणायचं. त्याला ती पहिली पाळी कधी देत नसे, गोष्टीतलं उत्तर येत असूनही त्याचा वर केलेला हात तिला दिसत नसे. एकदा वर्ग सुटताना त्याने हात वर केला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, आता घरी गेल्यावर मी तुम्हाला आई म्हणू ना?" सगळी मुलं हसली होती. तीही हसली होती. तो हसत नव्हता, हे तिला पंधरा-सोळा वर्षांनी, त्या फोननंतर दिसलं.

"Suneeti, your boots." पहिल्या दिवशी त्याने तिला तसे बूट दिले, जसे त्याने सगळ्यांना दिले. त्याच्या तोंडून आपलं नाव ऐकत तिने ते घेतले. दाढी वाढली होती, हात रापले होते, डाव्या भुवईत एक नवी खूण होती जिची गोष्ट तिला माहीत नव्हती आणि पाहुणीला ती विचारता येत नव्हती. तिच्या तंबूत मिनेसोटाची डोरीन नावाची एक शेतकरी विधवा होती. "आपला गाइड गोड मुलगा आहे," डोरीन म्हणाली, "याला कुणीतरी नीट वाढवलंय." सुनीती झोपायच्या पिशवीची चेन लावत राहिली. झोपायची वेळ झाली तरी बाहेर उजेड होता. तिथला उजेड मावळतच नसे, नुसता बाजूला सरकून बसे. कयाकमध्ये ती डोरीनच्या पुढे बसली. पाणी तांदळाच्या धुवणासारखं होतं, आणि त्यावर बर्फाचे तुकडे, आणि त्या तुकड्यांतून तडतड आवाज, कढईत मोहरी टाकल्यासारखा. निमिष पुढच्या कयाकमधून ओरडून सांगत होता, की हजारो वर्षांपूर्वीची हवा त्या बर्फात अडकलेली आहे, बर्फ वितळतो तशी ती सुटते, तिचा हा आवाज. त्याने ते दोनदा सांगितलं, मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून. मग म्हणाला, कुणाला प्रश्न आहे का? आणि थांबला. खरंच थांबला. प्रश्न विचारायला घाबरणाऱ्या माणसाला धीर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा. तो वेळ सुनीतीला ओळखीचा होता. तो तिचा होता.

हिमनदीवर बुटांना लोखंडी काटे बांधून ते एका दोरात चालले. पुढे निमिष, मध्ये सुनीती, मागे डोरीन आणि एक जोडपं. आणि तिथे तिची चूक झाली, एकदा नाही, सारखी. ती त्याच्या जवळ जात होती. ठरवून नाही, पाय आपोआप भराभर पडत होते. सगळं आयुष्य ती अशीच चालली होती, पुढच्याच्या पाठीला नाक लावून. पोर पडलं तर धरायला, नवरा थांबला तर विचारायला. काळजी म्हणजे जवळ जाणं, दुसरी रीत तिला कुणी शिकवली नव्हती. दोर सैल होऊन बर्फावर लोंबायचा, तिच्या काट्यांत यायचा, आणि तो वळून म्हणायचा, "Suneeti, distance please." तिसऱ्यांदा त्याने सगळ्यांना थांबवलं. परत आला. सगळ्यांना सांगायच्या आवाजात म्हणाला, की दोर लोंबला तर पडणारा खोल जातो आणि जवळचाही त्याच्याबरोबर जातो. दोर ताणला तर पुढच्याला पाऊल टाकता येत नाही. लोंबायला नको, ताणायला नको. "तुम्ही लांब आहात म्हणून मला धरू शकता." मग जाताजाता अगदी हळू, ओठ न हलवता, मराठीत, "जमेल तुला." कराराच्या बाहेरचे तेवढेच दोन शब्द.

वर गेल्यावर ती जागा आली. बर्फाचा एक अरुंद पट्टा, घरातल्या ओट्याएवढ्या रुंदीचा, दोन्ही बाजूंना फटी, आणि फटींच्या आत धुण्याच्या निळीचा रंग, जो खाली खाली जात काळा होत होता. निमिष आधी पलीकडे गेला, बर्फात खिळे रोवून दोर पक्का केला. मग तिची पाळी. ती पट्ट्यावर तीन-चार पावलं गेली आणि थांबली. फटीतून गार श्वास येत होता. पाण्याचा आवाज येत होता कुठूनतरी फार खालून. "निमिष, नको रे," ती मराठीत म्हणाली. "Suneeti," तो म्हणाला, "Not your feet. Look at my hands." तिने वर पाहिलं. त्याने कोपरं पोटाशी घेतली होती, तळवे स्वतःकडे, आणि बोटं एकदम आत मिटत होती, उघडत होती, मिटत होती. तोंडाने तो इंग्रजीत काहीतरी म्हणत होता, पण ते तिला ऐकू येत नव्हतं. पृथ्वीच्या त्या टोकाला, बर्फावर, शैलेंद्र उभा होता आणि गाडी मागे घेत होता. येऊ दे. येऊ दे. येऊ दे. ती त्या हातांत चालत गेली. पलीकडे पोचल्यावर निमिषने दोन्ही पंजे उभे केले, तंतोतंत त्याच जागी, जिथे शैलेंद्र 'बस' म्हणायचा. मग तिचा दोर तपासला. "Nice work, Suneeti," म्हणाला, आणि पुढच्याकडे वळला. त्याला ठाऊक नव्हतं तो काय करत होता. आपले हात आपल्याला दिसत नाहीत.

घरी परत आल्यावर शैलेंद्रने विचारलं होतं, "कशी झाली ट्रिप?" "थंडी फार. जेवण बरं होतं." मग तिची बॅग आत उचलून ठेवत, "तो बरा आहे ना?" "तब्येतीने बरा आहे." "वजन?" "आहे तेवढंच." ती त्याला हातांबद्दल सांगणार होती. तोंडापर्यंत आलं होतं. मग वाटलं, हे सांगितलं तर ते ओढल्यासारखं होईल. योग्य वेळ येईल, महिन्याभराने, दिवाळीत. मग सगळं जगच बंद झालं. निमिषच्या उन्हाळ्यात एकही पाहुणा आला नाही. तो मासे डब्यात भरायच्या कारखान्यात लागला. तिकिटं काढली, रद्द झाली, पुन्हा काढली. सुनीती झूमवर रविवारचा वर्ग घेत राहिली. ब्रिस्बेनजवळच्या स्प्रिंगफील्ड लेक्सची छोटी ईशानी त्यात यायला लागली. वाचताना अडखळायची आणि गप्प व्हायची, आणि दुसरी मुलं उत्तर सांगायला माइक सुरू करायची. सुनीती म्हणायची, "थांबा. ती येतेय." सगळ्या चौकटींतली मुलं थांबायची. कधीकधी ईशानीला वेळ लागायचा. पण ती यायची.

"कुठला रस्ता?" शैलेंद्रने विचारलं. सुनीतीने डोळे उघडले. सिटी आली होती. रस्ते रिकामे, ट्राम जवळजवळ मोकळी, दुकानांच्या काचांवर भाड्याने देण्याचे फलक. त्याने हॉटेलच्या समोरच्या बाजूला गाडी लावली, जरा मागे. मास्क वर केला, सीट किंचित मागे कलवली, आणि तो समोर बघत बसला. "मी इथेच आहे," म्हणाला. "हो," म्हणून ती उतरली. तिच्या बाजूची काच उघडीच राहिली. फुटपाथवर फुगे घेतलेलं एक कुटुंब होतं. हॉटेलच्या दाराशी पिवळं जॅकेट घातलेला गार्ड कंटाळून उभा होता. तिने फोन लावला. "आई! वर बघ. फार वर. नववा मजला, कोपऱ्यातून दुसरी. माझं नारिंगी जॅकेट लावलंय काचेला." उन्हामुळे सगळ्या काचा पत्र्यासारख्या चमकत होत्या. "नारिंगी? थांब, बघते. नारिंगी… हो! दिसलं, दिसलं!" ती एवढ्याने ओरडली की गार्डने वळून पाहिलं. जॅकेटशेजारी एक उभी काडी हलत होती. तो तो होता. पाच वर्षांत एक आठवडा पाहिलेला, आणि तोही परका म्हणून. ती हात करत राहिली, हात दुखेपर्यंत. "दाढी काढलीस?" "तिथून कसं दिसलं तुला?" "आवाजावरून वाटलं." तो हसला. "What's for breakfast विचार." "काय दिलं?" "बीन्स. थंड. आई, पोहे केले होतेस ना आज? खोटं बोलू नको." "केले होते." मग त्याने विचारलं, "बाबा?" "गाडीत आहेत." "अच्छा." काचेवरची काडी हलायची थांबली. "No worries. मग मी हॉबार्टला आज कळवतो." तिच्या तोंडाशी वाक्यं जमा झाली. अरे, ते आलेत तरी ना. अरे, तू तरी एक पाऊल. त्यातलं कुठलंही वाक्य बोललं असतं तर दोर ताणला असता, कुणाच्या तरी पायाखालून. ती थांबली. कमरेशी कुठे काही अडकलंय का, तसं वाटलं, आणि तिने हळूच मान वळवली.

गाडीचं दार उघडं होतं. शैलेंद्र बाहेर उभा होता, बॉनेटला टेकून, मान वर करून. मास्कमधली वाफ चष्म्यावर चढली होती. तो चष्मा काढून शर्टाला पुसत होता, पुन्हा लावत होता, पुन्हा वाफ चढत होती. उघड्या काचेतून त्याने नारिंगी एवढंच ऐकलं असणार. त्याची नजर एकेका मजल्यावरून वर सरकत गेली आणि एका खिडकीवर थांबली, नवव्याच्या बरीच खाली. तिथे नारिंगी स्वेटर घातलेलं कुणीतरी होतं. म्हातारा की म्हातारी, इथून कळत नव्हतं. शैलेंद्रने हात वर केला. अर्धवट, वर्गात उत्तराची खात्री नसलेल्या मुलासारखा. वरचा नारिंगी माणूस दचकला. मग त्याने दोन्ही हात वर करून असे हलवले, की जणू तो कितीतरी दिवस याच माणसाची वाट बघत होता. ते पाहून शैलेंद्रचाही हात पूर्ण वर गेला. तो जोरजोरात हलवू लागला. सुनीतीच्या घशात 'अरे, तो नाही' एवढे शब्द आले.

"आई," फोनमधला आवाज बदलला होता. "बाबा कुणाला हात करतायत?" "दुसऱ्याच कुणाला तरी," ती हळूच म्हणाली. "खाली एक नारिंगी स्वेटर आहे." पलीकडून हसल्यासारखं, किंवा नाक ओढल्यासारखं काहीतरी. "सांगू का त्यांना?" "नको. थांब. Don't tell him."

ती थांबली. शैलेंद्रने हात खाली घेतला. त्याला वाटलं असावं की नुसत्या हात करण्याने भागत नाही. त्याने इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघतंय का म्हणून, आणि सुनीतीची नजर चुकवली. मग त्याने कोपरं पोटाशी घेतली. तळवे स्वतःकडे वळवले. त्याची बोटं आत मिटली, उघडली, मिटली. मास्क हलत होता. एवढ्या लांबून वर कुणाला ऐकू जाणं शक्यच नव्हतं, तरी तो ते तोंडाने म्हणत होता, कोर्टात म्हणायचा तसंच. "येऊ दे. येऊ दे. येऊ दे." वरचा नारिंगी माणूस गोंधळला. त्याने हात हलवायचे थांबवले आणि एक तळवा काचेवर ठेवला. त्याला हे कशाला बोलावतायत ते कळेना, पण तो खिडकीतून हललाही नाही. शैलेंद्र, गाडी मागे घेताना माणूस सरकतो तसा, फुटपाथवरून एकेक पाऊल मागे, कोपऱ्याकडे सरकत होता. मागे न बघता. बघायची त्याला सवयच नव्हती. मागचं नेहमी मोकळं असायचं.

"आई," निमिष म्हणाला. तिने घाई केली नाही. "हे… मी पण असंच करतो, नाही?" "हो," ती म्हणाली. "तू बर्फावर केलंस, मी पाहिलं." "त्यांना सांगितलंस?" "नाही." "लेटरबॉक्स सरळ केला का कुणी?" "नाही. वाकडाच आहे." "त्याला कुणी हात लावू नका," निमिष म्हणाला. "मी आल्यावर करतो. बाबांना पकडायला लागेल पण एका बाजूने. हॉबार्टला नाही म्हणून सांगतो."

फोन कानाशी तसाच धरून सुनीती चालायला लागली, घाई न करता, अंतर राखून. कोपऱ्यावर फुटपाथ संपत आला होता, पलीकडच्या आडव्या रस्त्यावर ट्रामचे रूळ होते, आणि शैलेंद्र अजून मागेच सरकत होता, चष्म्यावर पूर्ण वाफ, दोन्ही हात त्या चुकीच्या खिडकीकडे. ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने तळवा त्याच्या पाठीवर टेकवला. ढकलायला नाही, ओढायला नाही. पाठ घामाने ओली होती. तो थांबला. तिच्या हाताला टेकून उभा राहिला, पण हात चालूच होते. "येऊ दे," तो म्हणत होता, "येऊ दे, येऊ दे." वर नवव्या मजल्यावर नारिंगी जॅकेट काचेवरून खाली उतरलं आणि त्या जागी एक माणूस आला, काचेला अगदी चिकटून. सुनीती शैलेंद्रच्या तोंडाकडे बघत राहिली. तो 'बस' म्हणत नव्हता.